सॉक्रेटिसच्या बायकोची बाजू : एमी लेव्हीची 'झँटिपी'

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओसरी

कजाग बायको म्हटलं की आपल्याकडे दोन नावं हमखास निघतात. तुकोबांची आवली आणि सॉक्रेटिसची झँटिपी. दुसरीची गोष्ट बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली असते. ती नवऱ्याला वाट्टेल तसं बोलली, तो गप्प राहिला, मग तिने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि तो म्हणाला, एवढा गडगडाट झाल्यावर पाऊस यायचाच. वर्ग हसतो. मीही हसले होते.

या बाईवर एक कविता आहे, आणि ती वाचल्यापासून ही गोष्ट मला हसत सांगता येत नाही. कवयित्री एमी लेव्ही. जन्म १८६१चा, लंडनच्या क्लॅपम भागातल्या ज्यू घरातला. १८७९मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनम या मुलींच्या कॉलेजात गेली. त्या कॉलेजातली ती पहिली ज्यू विद्यार्थिनी. 'झँटिपी' एका मासिकात छापून आली १८८०मध्ये, म्हणजे तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी याच कवितेच्या नावाने तिचा पहिला छोटा संग्रह केंब्रिजमध्ये निघाला.

कविता बरीच लांब आहे, अडीचशेहून जास्त ओळींची. रात्र सरत आलेली, दिवा मंदावलेला. मरणाला टेकलेली झँटिपी जागी होते आणि भोवतीच्या दासींना आपली हकीकत सांगू लागते. मुलगी असताना मागावरच्या मैत्रिणी तिची चेष्टा करायच्या, मोठ्या बायका कामाला ये म्हणून ओरडायच्या, आणि हिचं मन भलतीकडेच. तिला ज्ञान हवं होतं. जगातली गूढं बोलून दाखवील अशी जीभ हवी होती. मग हळूहळू तिला कळत गेलं की असले विचार बाईचे नव्हेत, ते मनात येणं हेच पाप. इथे ती कंसात हळूच म्हणते की नवल आहे, ज्या देवांनी आम्हाला घडवलं त्यांनीच ही ओढ आमच्यात घातली.

मग वडील तिचं लग्न ठरवतात. सॉक्रेटिसचं रूप पाहून ती आधी हिरमुसते. पण त्या ओबडधोबड चेहऱ्याच्या आडचा माणूस दिसू लागतो तशी तिची आशा वाढते. हा मला शिकवील, याचा हात धरून मी या जगावरचा पडदा दूर करीन. तिने लग्नाकडून मागितलं होतं ते एवढंच. आणि हा थोर तत्त्वज्ञ मोठमोठ्या विचारांत इतका गढलेला, की बाईच्या मेंदूसारख्या बारीक विणीच्या वस्तूला हात लावायला खाली वाकणं त्याला जमलं नाही. ही उपमा लेव्हीचीच. मेंदूला तिने तलम वस्त्र म्हटलं आहे. मागावर बसवलेल्या बाईबद्दल बोलताना!

एक दिवस सॉक्रेटिस आणि त्याच्याभोवतीचे दोन तरुण, शिष्य प्लेटो आणि अल्सिबायडिस, बोलत बसलेले असतात. विषय अस्पाशियाचा, म्हणजे अथेन्सचा नेता पेरिक्लिस याच्या सोबतिणीचा. बाई असून केवढी बुद्धी, असं कौतुक चाललेलं. सॉक्रेटिस म्हणतो, बाईला ज्ञान सोसत नाही, तिला त्याची नशा चढते, ती रीतभात पायाखाली तुडवते. झँटिपी तिथेच उभी आहे, हातात मद्याची पखाल. तिला राहवत नाही. ती मध्ये पडून विचारते, देवांनी आम्हाला घडवलं ते काय अर्धवट प्रयोग म्हणून? त्यावर नवरा ओठांत हसू ठेवून तिचे आभार मानतो आणि विचारतो, हे थोर विचार बाईसाहेबांनी कुठल्या तत्त्वज्ञानातून उचलले? ती पखाल संगमरवरी फरशीवर आपटते. पखाल फुटते. पांढरं वस्त्र लालभडक होतं, केस सुटतात आणि ती उंबरठा ओलांडून पळत सुटते.

त्यानंतर ती फक्त सूत कातते. वर्षानुवर्षं. आणि दासींना सांगते की कातता कातता मी माझ्यातला जीवच कातून टाकला, आणि तुम्ही ओळखता ती बाई झाले. सुताचा पोत अचूक हेरणारा डोळा, तुमची रात्रीची कुजबुज टिपणारा कान, आणि तुमचं हसणं मध्येच कापणारी जीभ.

म्हणजे कजागपणा लेव्ही नाकारत नाही. तो कसा घडला, कुणाच्या कुठल्या वाक्याने घडला, ते ती ओळीओळीने दाखवते. मला तिच्या स्त्रीवादाचं बळ इथे वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

माजघर

ओसरी ताई, पखालीचा प्रसंग वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसतीच बसले.

माझी आत्या आमच्या गावात फटकळ म्हणून प्रसिद्ध. मी तिला पाहिलं ते सुनांवर ओरडताना आणि पोरांच्या पाठीत रट्टे घालताना. ती गेल्यावर वडिलांनी एकदा सांगितलं. तिचं गणित फार चांगलं होतं, सातवीनंतर शाळा सोडवली. घरात जमिनीची वाटणी चालली होती. आजोबा, मामा आणि गावातले दोन जाणते ओसरीवर कागद पसरून बसलेले. ही चहाचं ताट घेऊन आली, उभ्या उभ्या कागद पाहिला आणि म्हणाली, बांधाकडचे गुंठे दोनदा धरलेत. खरोखरच दोनदा धरले होते. पण त्याआधी एक जण म्हणाला, "चहात साखर किती घालायची ते तिला विचारा, गुंठ्यांचं आम्ही बघतो." सगळे हसले. तिने ताट आपटलं नाही. नीट खाली ठेवलं आणि आत गेली. वडील सांगत, त्यानंतर ओसरीवरच्या बोलण्यात ती कधी पडली नाही, आणि माजघरात तिच्यापुढे कुणाची बोलायची छाती झाली नाही.

मला हे आजवर दोन वेगळ्या आत्यांसारखं वाटायचं.

तर्कदीप

धागा उत्तम. पण सॉक्रेटिसवर थोडा अन्याय होतो आहे, म्हणून लिहितो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पाचव्या भागात सॉक्रेटिसच म्हणतो की राज्याच्या रक्षकांमध्ये बायकाही असाव्यात आणि त्यांना पुरुषांसारखंच शिक्षण मिळावं. 'सिंपोझियम'मध्ये प्रेमाबद्दलचं आपलं सगळं ज्ञान आपल्याला डायोटिमा नावाच्या बाईने दिलं, असं तो सांगतो. सॉक्रेटिसचा आणखी एक शिष्य झेनोफन याने लिहिलेल्या मेजवानीच्या प्रसंगात तर एक नाचणारी मुलगी कड्या झेलते ते पाहून तो म्हणतो, बाईचा स्वभाव पुरुषापेक्षा कमी प्रतीचा नसतो, उणं असतं ते निर्णयशक्तीत आणि ताकदीत. तेव्हा ज्यांना बायका आहेत त्यांनी त्यांना हवं ते बेलाशक शिकवावं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्ये हे बोलणारा माणूस लेव्हीच्या कवितेतल्या नवऱ्यासारखा वागला असेल, हे मला पटत नाही. बाईला न्याय देताना इतिहासातल्या दुसऱ्या माणसाला खोटं पाडायचं का?

ओसरी

तर्कदीप, मुद्दा खराच महत्त्वाचा आहे. पण तुम्ही सांगितलेला झेनोफनमधला प्रसंग तिथे संपत नाही. बायकांना शिकवा, असं सॉक्रेटिस म्हणाल्याबरोबर त्याचा शिष्य अँटिस्थेनिस विचारतो, मग तू झँटिपीला का नाही शिकवत? आजवर झालेल्या आणि पुढे होणाऱ्या बायकांत ती सगळ्यात अवघड आहे. सॉक्रेटिस काय उत्तर देतो? ज्याला उत्तम घोडेस्वार व्हायचं असतं तो मऊ घोडा घेत नाही, तापट घेतो. तो आवरला की बाकीचे सोपे जातात. मला माणसांत वावरायचं आहे, म्हणून मी ही बायको ठेवली.

प्रश्न होता शिकवण्याचा. उत्तर आलं घोड्याचं. मंडळी पुढच्या विषयाकडे वळली. माझ्या मते लेव्हीची कविता याच फटीतून आत शिरते. नवऱ्याचा सिद्धांत उदार होता, हे तुम्ही म्हणता ते मान्यच. कविता घरातल्या एका विशिष्ट बाईला त्या सिद्धांतातलं काय मिळालं ते विचारते. सॉक्रेटिसच्या तोंडी तिने घातलेलं वाक्य कल्पित आहे. घोड्याचं उत्तर मात्र जुन्या ग्रंथातलं आहे, आणि ते मला कल्पित वाक्यापेक्षा जास्त बोचतं.

आणखी एक. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवशी, विष पिण्याच्या शिक्षेआधी, तुरुंगात झँटिपी लहान मुलाला घेऊन बसलेली आहे. मित्र येताच ती रडून म्हणते, सॉक्रेटिस, आता तुझे मित्र तुझ्याशी आणि तू त्यांच्याशी बोलणार ते हे शेवटचं. तिच्या तोंडचं एवढंच वाक्य प्लेटोने दिलं आहे. ते नीट पाहा. 'माझं कसं होणार' असं ती म्हणत नाही. नवऱ्याच्या जगण्यात सगळ्यात मोलाचं काय होतं, तर मित्रांशी चाललेला संवाद, आणि तोच आज संपतोय हे तिला कळलंय. यावर सॉक्रेटिस आपल्या क्रिटो या मित्राला म्हणतो, हिला कुणीतरी घरी पोचवा. तिला नेतात. मग आत्मा अमर आहे का, यावर दिवसभर चर्चा होते.

तर्कदीप

'फीडो' मी तीनदा वाचला आहे. ते वाक्य असं कधी वाचलं नव्हतं. तिला बाहेर नेलं ते योग्यच झालं, आता मुद्द्याचं सुरू होईल, असंच मनात असायचं. खरं सांगायचं तर आत्ता ते पान पुन्हा उघडून बसलोय.

लिंबलोण

मस्त चाललंय, वाचते आहे. एक शंका. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, कविता झेपेल का?

ओसरी

@लिंबलोण, झेपेल. यमकं नाहीत, लय बोलण्याच्या जवळची आहे. जुनी रूपं थोडी आडवी येतात, पण मोठ्याने वाचलं की वाक्य सुटतं. पहिल्यांदा फक्त पखालीपासून सूत कातण्यापर्यंतचा तुकडा वाचा, मग सुरुवातीला जा.

शंखपुष्पी

एमी लेव्हीबद्दल थोडं. तिचं नाव निघालं की दुसऱ्या वाक्यात तिचा मृत्यू येतो आणि मग सगळं काम त्या काळ्या चष्म्यातून वाचलं जातं. म्हणून आधी बाकीचं सांगते.

ही मुलगी तेराव्या वर्षी मुलांच्या एका मासिकात एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या 'ऑरोरा ली'वर लिहीत होती. कवयित्री होण्यासाठी झगडणाऱ्या बाईवरचं ते अख्खं पद्य-कादंबरीएवढं काव्य, आणि त्यावर तेरा वर्षांच्या मुलीचा अभिप्राय! पुढे ब्रायटनची मुलींची शाळा, मग न्यूनम. तिथे ती दोन वर्षं राहिली आणि १८८१मध्ये शेवटची परीक्षा न देताच बाहेर पडली. त्याच वर्षी केंब्रिजने मुलींना ऑनर्सच्या परीक्षांना बसायचा रीतसर हक्क दिला. परीक्षेचा हक्क, पदवीचा नव्हे. केंब्रिजची पूर्ण पदवी बायकांना मिळाली ती १९४८मध्ये. आपण पखालीच्या प्रसंगात अथेन्स पाहतो, पण थोर पुरुष बोलतायत आणि बाई उंबरठ्यापाशी उभी आहे, हे दृश्य लिहिणारी रोज कुठे वावरत होती ते लक्षात घ्या. ग्रीक आणि लॅटिन ही त्या विद्यापीठात पुरुषांच्या मानाची जागा. लेव्हीने तिथलाच सगळ्यात मानाचा पुरुष उचलला आणि त्याच्या बायकोला बोलतं केलं.

लंडनला परतल्यावर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात तिची बैठक असायची. कामगार बायकांसाठी झटणारी क्लेमेंटिना ब्लॅक, कार्ल मार्क्सची मुलगी एलेनॉर, कादंबरीकार ऑलिव्ह श्रायनर या मैत्रिणी. एलेनॉरने तिची 'रूबेन सॅक्स' ही कादंबरी जर्मनमध्ये नेली. ऑस्कर वाइल्ड तेव्हा बायकांसाठीचं एक मासिक संपादित करत होता, त्यात तिचं लेखन येई. दुसरा संग्रह १८८४चा, 'झँटिपी' त्यातही आहे.

आणि तिच्या शहराच्या कविता! एकीत ती घोड्यांच्या सार्वजनिक बसचं कौतुक करते. श्रीमंतांच्या गाड्या त्यांना लखलाभ, मला बस पुरे. मुंबईत लोकलने कॉलेजला गेलेल्या कुणालाही त्यातला मोकळा श्वास ओळखू येईल. एकटी बाई, हातात भाड्याचे पैसे, उंच जागेवर बसून शहर पाहतेय. दुसरीत चौकातलं प्लेन झाड आहे, आपल्या चिनाराच्या जातीचं. बाकीची झाडं गावाकडच्या हवेसाठी झुरतात, याला मात्र शहरच आवडतं. खिडकीतून ते पाहणारी बाई माळ्यावरच्या खोलीत राहते. बाईने नाजूक रानफुलासारखं असावं हा तेव्हाचा आग्रह, आणि ही धुरकट लंडनमध्ये हिरवं राहणाऱ्या झाडाच्या बाजूने उभी.

उदासीचे लांब लांब काळ तिने सोसले. १० सप्टेंबर १८८९ला तिने आयुष्य संपवलं, तेव्हा ती २७ वर्षांची होती. प्लेन झाडाच्या संग्रहाची मुद्रितं तिने त्याआधीच तपासून दिली होती. तो त्याच वर्षी निघाला.

लिंबलोण

२७.

बसची कविता आज रात्री शोधते.

रानजाई

मला एक खटकतंय, ते बोलते. सगळे झँटिपीचं दुःख ऐकतोय. पण कवितेत त्या दासी आहेत ना? अथेन्समधल्या दासी म्हणजे गुलामच. रात्रभर जागून त्या एका मालकिणीची हकीकत ऐकतात. त्यांना नाव नाही, चेहरा नाही, एक शब्द नाही. तिला ज्ञान मिळालं नाही म्हणून ती वर्षानुवर्षं यांच्यावर जीभ चालवत राहिली, आणि आता मरतानाही यांनीच ऐकायचं. माझी आई तीन घरची धुणीभांडी करायची. अशा शिकायचं राहून गेलेल्या, हुशार आणि तोडून बोलणाऱ्या बाईच्या घरी ती नऊ वर्षं होती. त्या बाईंची तगमग खरी होती, ते आईलाही कळायचं. पण ती निघायची आईच्याच अंगावर.

हा स्त्रीवाद कुणाचा, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

माजघर

रानजाई, माझ्या आत्याच्या सुनांचं मी लिहिलंच नाही. ओरडताना पाहिलं, एवढ्यावर उरकलं. त्यातली एक अजून आमच्याकडे येते. तिला विचारायला हवं.

ओसरी

रानजाई, तू म्हणतेस ते माझ्या वाचनातून निसटलं होतं. काल रात्री पुन्हा सगळी कविता वाचली, या वेळी दासींकडे लक्ष ठेवून.

त्या एकदाही बोलत नाहीत, हे खरं. पण कवितेला ते ठाऊक आहे असं मला आता वाटतं. झँटिपी स्वतःच कबूल करते की माझा कान तुमच्या गप्पांवर असायचा, माझी जीभ तुमच्या हसण्यावर चालायची. म्हणजे सॉक्रेटिसने तिच्या बोलण्याचं जे केलं तेच तिने यांच्या बोलण्याचं केलं. तिथे पुरुषांची बैठक आणि उंबरठ्याशी ती. इथे तिची खोली आणि कोपऱ्यात या. अठरा वर्षांच्या मुलीने हे बांधलंय, हे मला थक्क करतं. शेवटी झँटिपी त्यांना ओरडून सांगते, अशा गप्प का उभ्या आहात, खिडकी उघडा, सताड उघडा, मला हवा द्या, उजेड द्या. उजेड मागते तीही हुकमाच्या भाषेत. तिला दुसरी भाषा उरलेलीच नाही. आणि खिडकी उघडायला हात लागतात ते यांचेच.

तुझ्या प्रश्नाला हे पुरं उत्तर नाही. दासींची कविता लेव्हीने लिहिली नाही.

रानजाई

हुकमाच्या भाषेत उजेड मागते, हे पटलं. आईला सांगितलं फोनवर. ती म्हणाली, "मग उघडली का त्यांनी?"

ओसरी

कविता त्या ओरडण्यावरच थांबते.

तर्कदीप

वर आवलीचा उल्लेख आहे म्हणून. दोघींना एका ओळीत बसवताना जपायला हवं. आवलीचं भांडण पोटाच्या भुकेचं. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, घरात पोरं, आणि नवरा डोंगरावर. ती भाकरी घेऊन त्याला शोधत जायची आणि विठ्ठलाला शिव्या घालायची. शिवाय आवलीची तक्रार गाथ्यात ऐकू तरी येते, तुकोबांनीच ती अभंगांत ठेवली. झँटिपीची भूक बुद्धीची आहे, आणि तिच्या नवऱ्याने तर काहीच लिहून ठेवलं नाही. तिच्याबद्दल लिहिलं ते त्याच्या मित्रांनी.

शंखपुष्पी

तर्कदीप, हा फरक फार नेमका आहे.

त्याच काळातली आपल्याकडची एक बाई इथे आठवतेच. लेव्हीचा संग्रह १८८१चा. १८८२मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 'स्त्री-पुरुष तुलना' छापतात. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ताराबाई थेट स्वतःच्या तोंडाने, घरच्या रोखठोक बोलीत पुरुषांना जाब विचारतात. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचं. लेव्ही मात्र मुखवटा घेते. ती एकटी नाही. ऑगस्टा वेब्स्टरने १८७०मध्ये देहविक्रय करणाऱ्या एका बाईच्या तोंडी अख्खं स्वगत घातलं होतं. तेव्हाच्या इंग्रजी कवयित्रींना हा प्रकार फार उपयोगी पडला, कारण चांगल्या घरच्या बाईने जे बोलायचं नाही ते पात्र बोलू शकतं. मुखवट्याशिवाय लेव्ही किती पुढे जाई, ते धर्म आणि लग्नावरच्या तिच्या एका बॅलडमध्ये, म्हणजे गाण्याच्या चालीतल्या कवितेत, दिसतं. देव गेला तसं लग्नही एक दिवस जाईल, फक्त ते पाहायला आपण नसू, असं ती त्यात म्हणते. ती कविता तिच्या हयातीत छापली गेली नाही.

टकळी

मी वर्ध्याकडचा. कवितेतलं फारसं कळत नाही, पण सूत कातणं कळतं, म्हणून लिहितो.

आमच्या शाळेत टकळी, म्हणजे हाताने फिरवायची छोटी चाती, शिकवायचे. डाव्या हाताच्या चिमटीत पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी), उजव्या हाताने टकळीला गिरकी, आणि हात वर नेत तार काढायची. नवखा माणूस जाड-बारीक काढतो, पीळ कमी पडला की तार तुटते, मग सांधत बसायचं. महिनाभराने हात बसतो. मग गंमत होते. डोळा सुतावर असतो, बोटांना जाड-बारीक कळतं, पण डोकं रिकामं होतं. काही जणांना त्यात शांती मिळते. मला ती मिळाली, कारण मी अर्ध्या तासाने उठून खेळायला जायचो. आयुष्यभर उठायचंच नाही असं असतं, तर त्या रिकामेपणाचं काय झालं असतं, हे या धाग्यावर पहिल्यांदा मनात आलं.

ग्रीक बायका लोकर कातायच्या, लोकरीचा पुंजका काठीला गुंडाळून. साधन वेगळं, पण क्रिया तीच. हातातलं मऊ मऊ ओढत न्यायचं, ते बारीक होत होत चातीवर जातं, आणि शेवटी हातात काही उरत नाही. म्हणून ओसरी ताई, "जीव कातून टाकला" हे तुमचं भाषांतर मला बरोबर वाटत नाही. 'टाकला' म्हटलं की तो झटक्यात, तिने मनाने फेकला असं होतं. पेळू असा जात नाही. तो संपतो.

ओसरी

टकळी, हे मला कुठल्याही शब्दकोशात सापडलं नसतं. मनापासून आभार. 'संपला' असंच करते.

शंखपुष्पी आणि माझी दोन दिवस फोनवर दुसऱ्या एका शब्दावरून हुज्जत चालली आहे, तीही इथे मांडते. सुरुवातीला झँटिपीला गूढं बोलून दाखवणारी जी गोष्ट हवी असते आणि शेवटी दासींचं हसणं कापणारी जी गोष्ट तिच्यापाशी उरते, त्या दोन्हींसाठी मुळात एकच शब्द आहे, 'टंग'.

शंखपुष्पी

आणि माझं म्हणणं, पहिल्या ठिकाणी मराठीत 'वाणी'च हवं. 'ज्ञानासाठी, जिभेसाठी तळमळणारा जीव' कानाला ओबडधोबड लागतं. जीभ म्हटलं की आपल्याला चव आठवते, नाहीतर शिवी. वाणीला उंची आहे.

ओसरी

त्या उंचीचीच मला भीती वाटते. 'वाणी' एकीकडे आणि 'जीभ' दुसरीकडे ठेवली, की त्या दोन वेगळ्या बायकांच्या दोन वेगळ्या गोष्टी होतात. माजघरने वर लिहिलं ना, दोन वेगळ्या आत्यांसारखं वाटायचं? तेच होईल. हत्यार एकच होतं. ज्या कामासाठी ती ते मागत होती, ते काम तिला दिलं नाही. हे वाचणाऱ्याला दिसायचं तर शब्द एकच लागेल, मग पहिल्या जागी तो थोडा बोचला तरी चालेल.

माजघर

माझं मत 'जीभ'ला. दोन्हीकडे.

शंखपुष्पी

बरं, मान्य. पण मग पहिल्या ठिकाणी ओळ तोडून 'जीभ' ओळीच्या सुरुवातीला आण, म्हणजे वाचणारा तिथे अडखळून थांबेल आणि शेवटी त्याला ती आठवेल. चालीत लपवू नकोस.

ओसरी

तसंच केलंय. दोन्ही तुकडे देते, अजून कुठे अडत असेल तर सांगा.

जीव माझा तळमळे ज्ञानासाठी,
जिभेसाठी, जी बोलून दाखवील
या सुंदर जगातली, पवित्र देवांची
भव्य गूढं.

आणि शेवटाकडचा :

मी कातत राहिले. कातता कातता
देहातला जीव कातून संपला,
मनातले उंच विचार कातून संपले,
आणि झाले अखेर तुम्ही ओळखता तशी :
सुताचा पोत अचूक हेरणारा डोळा;
चंद्र वर आला, निजायची वेळ झाली,
तरी चाललेली तुमची कुजबुज टिपणारा कान;
जीभ, रिकाम्या पोरींचं हसतं बोलणं
मध्येच चट्कन चिरणारी.